माजावरचं हरीण

कल्याणला पारनाक्याजवळच्या एका जुन्या घराच्या ओटीवर सांबराची शिंगं टांगलेली आहेत. घरातल्या आजोबांच्या वडिलांनी मुरबाडच्या बाजूला मारलेलं सांबर, एवढीच माहिती उरली आहे; साल कुणालाच आठवत नाही. हंगाम मात्र शिंगंच सांगतात. मी स्टुलावर चढून ती जवळून पाहिली. दोन्ही शिंगांना तीन-तीन टोकं. बुंध्याकडचा भाग सालीसारखा खरबरीत, त्याच्या खाचांत काहीतरी काळं वाळून बसलेलं. टोकं मात्र झाडांवर घासून घासून हस्तिदंतासारखी गुळगुळीत. डाव्या शिंगाचं आतलं टोक बोटभर तुटलेलं होतं आणि तुटल्या जागेची धार झिजून गोल झाली होती, म्हणजे टोक तुटल्यावरही ते जनावर बरेच दिवस रानात वावरत होतं. शिंगांच्या खाली कवटीचा तुकडा होता, त्यामुळे ती गळून पडलेली आणि कुणी उचलून आणलेली नाहीत हे उघड होतं.

आपल्याकडे सांबराची शिंगं बहुतेक उन्हाळ्याच्या तोंडाशी गळतात. पावसाळ्यात मखमली कातडीखाली नवी वाढतात, आणि दिवाळीच्या सुमारास कातडी सोलून निघते, आतलं पक्कं शिंग उघडं पडतं. हे सांबर दिवाळी ते शिमगा या मधल्या काळात मारलं गेलं असणार. तुटलेलं टोक बहुधा दुसऱ्या नराशी झालेल्या झुंजीतलं. म्हणजे माजाचा काळ.

ठाण्यात, बदलापुरात, शहापुरात अशा बऱ्याच ओट्या मी पाहिल्या. मखमलीतली अर्धवट शिंगं कुणी भिंतीवर लावलेली मला दिसली नाहीत. शिकाऱ्याला हवं असतं ते पक्कं, पूर्ण वाढलेलं शिंग, आणि निसर्गाने ते नराला दिलेलं असतं ते माजासाठीच. त्यामुळे माजावरच्या हरणाची शिकार करावी का, हा प्रश्न शिकारीच्या एखाद्या कोपऱ्यातला नाही. शिंगांसाठी केलेल्या सगळ्या शिकारीच्या मुळाशीच तो आहे. महाभारतापासून अमेरिकेतल्या मोंटानापर्यंत माणसांनी त्याची निरनिराळी उत्तरं दिली आहेत. आपल्या कायद्याने 1991 मध्ये शिकारच बंद केली, म्हणून प्रश्न मिटला असं आपण धरून चाललो. माझ्या मते तो अर्धाच मिटला.

आधी शब्दाकडे वळू. रोजच्या बोलण्यात ‘माज आलाय त्याला’ म्हटलं की मस्ती, गुर्मी डोळ्यांपुढे येते. गोठ्यात मात्र ‘गाय माजावर आली’ हे साधं, कामाचं वाक्य असतं. हरणाच्या नराच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकत्र येतात. त्याची मान जाडावते, डोळ्यांपुढच्या ग्रंथी उघडतात, झुडपांवर शिंगं आपटत आणि फांद्यांना वास लावत तो हिंडतो. खाणं कमी होतं, वजन घटतं. एरवी पान हललं तरी कान टवकारणारा प्राणी भर दुपारी उघड्यावर येतो. या दिवसांत त्याला माणसाची चाहूल लागत नाही असं नाही. लागते, पण तो तिकडे लक्ष देत नाही. शिकारी याच दिवसांची वाट पाहतो.

आपल्या जिल्ह्यात सारंग कुळातली, म्हणजे दरवर्षी शिंगं गाळणारी, तीन हरणं: सांबर, चितळ आणि भेकर. तिघांचं वेळापत्रक वेगळं. सांबराचा माज मुख्यतः हिवाळ्याच्या सुरुवातीला, नोव्हेंबर-डिसेंबरच्या आसपास. गर्भ सुमारे आठ महिन्यांचा, त्यामुळे पाडसं पावसाळ्यात, कोवळ्या गवतावर येतात. चितळाचा भर उन्हाळ्यात. चैत्र-वैशाखात पाणवठ्याकाठी नरांची ओरड ऐकू येते. पण चितळाच्या कळपात वर्षाच्या कोणत्याही महिन्यात एखादा पक्क्या शिंगांचा नर असतो आणि शेजारीच मखमलीतला दुसरा. भेकर तर वर्षभर कधीही वितं. जॉर्ज शॅलर यांनी 1963 ते 1965 या काळात कान्हात राहून केलेल्या अभ्यासात हे पसरट वेळापत्रक नीट मांडलं आहे. पुढच्या मुद्द्यासाठी ते लक्षात ठेवायला हवं.

माजावरच्या हरणाच्या शिकारीबद्दल आपल्याकडचा सगळ्यात जुना आणि माझ्या मते सगळ्यात नेमका विचार आदिपर्वात आहे. पंडू राजा अरण्यात हरणाच्या जोडीवर बाण सोडतो. ती जोडी रत झालेली असते, आणि त्यातला नर असतो मृगरूप घेतलेला किंदम ऋषी. मरताना तो पंडूला शाप देतो की तूही स्त्रीसंगाच्या क्षणीच मरशील. गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, पण तिच्यातला युक्तिवाद सहसा कुणी लक्षात घेत नाही. पंडू म्हणतो, राजांना मृगया विहित आहे. किंदम ते नाकारत नाही. मृग मारल्याबद्दल मी तुला दोष देत नाही, असंच तो म्हणतो. त्याची तक्रार वेळेची आहे: थोडं थांबला असतास, माझं मैथुन पुरं होऊ दिलं असतंस. शिकार आणि अधर्म यांच्यामधली रेघ त्याने प्राण्याभोवती ओढली नाही, काळाभोवती ओढली. पुढे जगभरच्या वनखात्यांनी हंगामाचे जे नियम केले त्यांचं बीज मला या एका तक्रारीत दिसतं.

पण राजेरजवाड्यांनी किंदमाचं ऐकलं नाही. उलट माजालाच हत्यार केलं. ‘आईन-ए-अकबरी’त पाळीव काळविटाच्या शिंगांना जाळी बांधून त्याला रानातल्या नरावर सोडण्याची पद्धत नोंदलेली आहे. रानातला नर आपली जागा राखायला धावून येतो, शिंगं शिंगांत अडकवतो आणि जाळ्यात गुंततो. नराला पकडायला त्याचाच मत्सर वापरायचा. कोल्हापूरच्या छत्रपतींनी विसाव्या शतकात चित्ते पाळून काळविटांची शिकार केली, तीही माळावरची. काळवीट कुरंग कुळातला, त्याची शिंगं गळत नाहीत. पण माजात नर माळावर आपापली जागा धरून एकटे उभे राहतात आणि लांबून दिसतात. कोकणात अशी मैदानं नाहीत. इथली शिकार जंगलातली, हाक्याची आणि मचाणावरची. मुरुड-जंजिऱ्याच्या नबाबांनी शिकारीसाठी राखलेलं फणसाडचं रान 1986 मध्ये अभयारण्य झालं.

ठाणे जिल्ह्यात बाहेरच्या शिकाऱ्यांचा राबता वाढला तो रेल्वेमुळे. 1853 मध्ये गाडी ठाण्याला आली, 1 मे 1854 ला कल्याणला, आणि मुंबईच्या साहेबाला सह्याद्रीचं रान काही तासांच्या अंतरावर आलं. 1883 मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. आठ संस्थापकांत आत्माराम पांडुरंग आणि सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते. सुरुवातीच्या सभासदांत शिकारी बरेच होते, आणि प्राण्यांबद्दलची बारीक निरीक्षणं त्यांच्याकडूनही आली हे मान्य करायला हवं. नर कुठे पाणी पितो, कोणत्या झाडावर शिंगं घासतो, कोणत्या महिन्यात ओरडतो, हे बंदूक घेऊन हिंडणाऱ्याला पाठ असायचं.

या शिकाऱ्यांनी नियमही केले. 1912 च्या कायद्याने प्रांतांना बंदीचा काळ ठरवण्याचा अधिकार दिला. वनखात्याच्या परवान्यावर किती जनावरं, कोणती, हे लिहिलेलं असे. माद्या मारायच्या नाहीत, पिल्लं मारायची नाहीत आणि मखमलीतला नर मारायचा नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही मखमली शिंगांचं हरीण मारायला विशेष परवानगीशिवाय मनाई होती. वाचताना नियम दयाळू वाटतो. पण त्याचा परिणाम काय झाला ते पाहा. मखमलीतला नर वगळला की उरतो पक्क्या शिंगांचा नर, म्हणजे माजाच्या आसपासचा. नियमाने बंदूक थांबवली नाही, ती हंगामाच्या नेमक्या मध्यावर आणून ठेवली. किंदमाने ज्या क्षणाला आक्षेप घेतला होता, तोच क्षण या नियमात बसणारा ठरला.

अमेरिकेत हाच पेच उघड्यावर आहे. तिथल्या पश्चिमेच्या डोंगराळ राज्यांत म्यूल डिअर नावाचं हरीण आहे. खेचरासारखे लांब कान म्हणून हे नाव. त्याचा माज नोव्हेंबरच्या मध्याला ऐन भरात असतो आणि तो इतका काटेकोर असण्याचं कारण बर्फ. उशिरा जन्मलेलं पाडस पहिल्या हिवाळ्यात टिकत नाही, म्हणून सगळ्या माद्या थोड्या आठवड्यांत फळतात आणि पाडसं जूनच्या सुमारास जन्मतात. शिकार तिथे कायदेशीर आहे, आणि वन्यजीवखात्यांचा बराचसा पैसा शिकाऱ्यांच्या परवान्यांतून येतो. शिवाय लांब बंदुका आणि काडतुसांवरचा 11 टक्के कर 1937 च्या कायद्यानुसार त्याच कामाला जातो. तिथला वाद ‘शिकार हवी की नको’ हा नसतो, ‘माजात हवी की नको’ हा असतो. बऱ्याच राज्यांनी बंदुकीचा सर्वसाधारण हंगाम माज भरात येण्याआधी संपवला आणि माजातले थोडे परवाने सोडतीने वाटायला घेतले. मोंटानात मात्र वर्षानुवर्षे बंदुकीचा हंगाम थेट नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत चालत आला आणि त्यावर शिकाऱ्यांमध्येच भांडणं आहेत. एका बाजूचं म्हणणं: एक नर अनेक माद्या फळवतो, काही नर गेले तर काय बिघडलं? दुसरी बाजू म्हणते, माजात सगळ्यात मोठे, थोराड नरच पुढे येतात आणि तेच आधी मरतात.

दुसऱ्या बाजूच्या म्हणण्यात तथ्य आहे. शंभर माद्यांमागे नर किती, हे तिथली खाती दरवर्षी मोजतात, कारण प्रौढ नर फार कमी झाले की कोवळ्या नरांवर भार पडतो. काही हरणवर्गीय प्राण्यांत त्यामुळे पाडसं उशिरा जन्मल्याचं दिसलं आहे. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात रॅम माउंटनवर मोठ्या शिंगांच्या रानमेंढ्यांचा अभ्यास झाला. 2003 मध्ये ‘नेचर’मध्ये त्याचे निष्कर्ष आले: तीस वर्षं निवडून मोठ्या शिंगांचे नर मारल्यावर कळपातली शिंगं आखूड झाली. यात आनुवंशिकतेचा वाटा किती यावर नंतर वाद झाला. पण मोठं शिंग हेच मृत्यूचं कारण ठरवलं तर मोठ्या शिंगाची संतती घटणार, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. बियाणं म्हणून तो सगळ्यात भरलेलं कणीस राखून ठेवतो, आधी खात नाही.

आपल्याकडे मात्र अमेरिकेसारखा हंगाम आखताच येत नाही. चितळ बाराही महिने थोडाफार माजात, भेकराला ऋतूच नाही, सांबर हिवाळ्यात. सांबरासाठी नोव्हेंबरमध्ये बंदी घातली तर चितळाचं काय? मे महिना बंद केला तर भेकराला काय उपयोग? थंड देशातल्या हरणांवरून घेतलेली ‘बंद हंगामा’ची कल्पना सह्याद्रीच्या पायथ्याशी लंगडी पडते. म्हणून 1991 च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने सरसकट रद्द केले ते मला फक्त भावनेपोटी केलेलं वाटत नाही. 1972 च्या मूळ कायद्यात मोठ्या आणि लहान शिकारीचे परवाने होते; ते गेल्यावर हंगामाचा हिशेबच उरला नाही. इथल्या प्राण्यांच्या दृष्टीने हेच योग्य उत्तर होतं.

पण या उत्तराची किंमत सगळ्यांनी सारखी दिली नाही. वारली, ठाकूर, कातकरी यांच्यासाठी ससा, भेकर, घोरपड हे अन्न होतं. कोकणात बऱ्याच गावांत शिमग्याच्या दिवसांत पारधीची रीत होती. माणसं रान वेढून हाका घालत आणि मिळालेल्या जनावराचे वाटे घरोघर जात. त्यात शिंगांची निवड नसे; हाक्यात जे निघेल ते. फासेपारध्यांवर इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने गुन्हेगारीचा शिक्का बसला, तो 1952 मध्ये पुसला गेला, आणि वीस वर्षांतच त्यांचा पिढीजात धंदा गुन्हा ठरला. दिवाणखान्यातल्या शिंगांना मात्र नोंदणीची वाट ठेवली होती. 2003 च्या नियमांनी अघोषित वस्तू जाहीर करायला 180 दिवसांची आणखी एक संधी दिली. ज्याने भिंतीसाठी मारलं त्याच्या हातात प्रमाणपत्र आलं, ज्याने पोटासाठी मारलं त्याला तुरुंग दिसला. शिकारबंदीच्या बाजूने बोलताना हे सांगितलंच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

आज जिल्ह्यात शिकार होते ती चोरून. शिकारी राष्ट्रीय उद्यानात किंवा अभयारण्यात सापडला तर तीन ते सात वर्षांची कैद आहे, तरी होते. ठासणीची बंदूक आता विरळा. रात्री बॅटरीचा झोत आणि दुचाकीच्या क्लचच्या तारेचा फासा जास्त. ही तार स्वस्त आहे, आवाज करत नाही आणि लावणारा जवळ असावा लागत नाही. पाऊलवाटेवर, गुडघ्याच्या उंचीवर ती लावली की नर, मादी, पाडस असा भेद नाही. माजातला नर मादीच्या वासावर मान खाली घालून त्याच त्या वाटा तुडवत असतो. तो अशा वाटेवर आला की तार पायात किंवा मानेत बसते. वनरक्षक गस्तीला जातात तेव्हा अशा तारा गोळा करून आणतात. रानवाटेवर हिंडणाऱ्या प्रत्येकाने तार ओळखायला शिकावं आणि दिसली की वनखात्याला कळवावं, हे मी प्रत्येक भटक्याला सांगतो.

मला आता जास्त काळजी वाटते ती शिकारीशिवाय होणाऱ्या छळाची. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं क्षेत्र सुमारे 103 चौरस किलोमीटर. ठाण्याकडची बाजू म्हणजे येऊर. पुढे घोडबंदर रस्ता, त्यापलीकडे खाडी आणि मग 2003 मध्ये जाहीर झालेलं तुंगारेश्वर अभयारण्य. शहापूर तालुक्यात तानसा, 1970 पासूनचं अभयारण्य. डोंबिवली-कल्याणची माणसं रविवारी जातात ती बारवीच्या, मलंगगडाच्या, माळशेजच्या बाजूला. या सगळ्या रानांच्या कडेला मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या आहेत. येऊरमधल्या बंगल्यांतल्या आणि हॉटेलांतल्या रात्रीच्या गाण्याबजावण्याविरुद्ध तिथले आदिवासी आणि ठाणेकर वर्षानुवर्षं तक्रारी करत आहेत. हा गोंगाट वाढतो तो लग्नसराईत आणि सुट्टीत, एप्रिल-मेमध्ये. चितळाचा माजही तेव्हाच.

वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेला वनखातं पाणवठ्यांवर प्राणीगणना करतं. येऊरमध्ये एका वर्षी मीही मचाणावर होतो, सोबत एक वनरक्षक. संध्याकाळी वर चढायचं आणि उजाडल्याशिवाय उतरायचं नाही. बोलायचं नाही, अत्तर लावायचं नाही. अंधार पडताच रातवा टकटक करू लागला. दहाच्या सुमारास एक भेकर पाण्यावर आलं, दोन घोट पिऊन थबकलं आणि परत गेलं. दोनच्या पुढे खालच्या ओहोळातून चितळाच्या नराची ओरड आली. घशातून फाटून निघावी तशी, एकदा, दोनदा, मग लागोपाठ. चांदण्यात तो दिसला तेव्हा पाण्याकडे पाहतही नव्हता. करवंदीच्या जाळीत शिंगं घुसवून त्याने ती पिळली, पाला शिंगांना अडकला तसाच घेऊन पुढे आला. मचाणापासून वीस पावलांवर असेल. मान इतकी जाड की डोकं लहान वाटत होतं. वनरक्षक माझ्या कानाशी म्हणाला, “दादा, याला आत्ता आपण दिसलो तरी हा जायचा नाही.”

अशाच मचाणावर बसून बंदुकीने नेम धरला जात होता, असाच नर समोर आल्यावर. मुरबाडच्या त्या सांबरासमोर अशीच एक रात्र असेल.

मग दूर बंगल्यांच्या बाजूने गाणं सुरू झालं. ठेका ओहोळाच्या कातळावर आपटून येत होता. नराने दोनदा ओरडून पाहिलं. त्याची ओरड माद्यांपर्यंत पोचत होती की नाही, मला कळायला मार्ग नव्हता. मलाच ती नीट ऐकू येईना. थोड्या वेळाने वरच्या अंगाला कुत्री भुंकली आणि तो जाळीतून निघून गेला. पहाटेपर्यंत परत आला नाही.

गुरांच्या बाबतीत आपण असं वागत नाही. मादी माजावर आली की गोठ्यात गडबड करू देत नाही, वळूला कुणी दगड मारत नाही. एप्रिल आणि मे हे दोन महिने येऊरच्या रानाच्या कडेला रात्री आठनंतर ध्वनिक्षेपक बंद राहावेत, मोकाट कुत्र्यांचं निर्बीजीकरण आणि त्यांना रानाकडे ओढणारा हॉटेलांचा खरकट्याचा कचरा उचलणं ही कामं उन्हाळ्याआधी व्हावीत, पाणवठ्यांकडे जाणाऱ्या वाटा रात्री गाड्यांना बंद असाव्यात. तानसात सांबरासाठी हेच नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. उद्यानाच्या दारावर आणि ठाणे महापालिकेच्या हद्दीत आजच्या अधिकारांत हे होऊ शकतं.

सकाळी मचाणावरून उतरल्यावर वनरक्षकाने तक्त्यात लिहिलं: भेकर एक, चितळ नर एक. मग तो ओहोळाकडे गेला. करवंदीच्या जाळीत पिळलेल्या फांद्या लोंबत होत्या, सालपटं सोललेली, चीक अजून ओला. त्याने खाली वाकून बाजूची पाऊलवाट दोन्ही हातांनी चाचपली, तार लावली आहे का ते पाहायला. नव्हती. मग आम्ही दोघे पुढच्या वळणापर्यंत तसेच, वाट चाचपत गेलो.